पिवळ्या बसचा पुरावा

तुमच्या घरापासून सर्वांत जवळ जी सरकारी शाळा आहे, तिच्या वर्गात तुम्ही शेवटचं कधी बसला होतात? मतदानाला गेलात ते धरू नका. बोटाला शाई लावून बाहेर येणं म्हणजे शाळेत जाणं नव्हे.

हा प्रश्न मला सुचला तो अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या एका शाळेच्या जेवणाच्या हॉलमध्ये, माइकसमोर उभी असताना. तिथवर मी कशी पोचले हे सांगायचं तर आधी साळवीसाहेबांबद्दल सांगायला हवं.

धामणेवाडी हे माझं गाव. तिथे जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा आहे. मुलं थोडी आहेत म्हणून ती बंद करून सगळ्यांना घाटाखालच्या मोठ्या शाळेत पाठवायचं घाटतंय. मध्ये ओढा आहे आणि पावसात तो अंगावर येतो. ग्रामसभेत मी मारुतीदादांना सरळ विचारलं, की तुमची दोन्ही मुलं पाठवाल का खाली? ते टोपी सारखी करत म्हणाले, "पोराला पाठवीन. सानिकाचं बघू." आमच्याकडे 'बघू' म्हणजे काय ते सभेतल्या प्रत्येक बाईला कळलं. सानिका तिसरीत आहे आणि पाढे तिच्या भावापेक्षा चांगले म्हणते.

मी पुढे बोलणार, तेवढ्यात शिक्षण विभागाच्या साळवीसाहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. "अहो ताई, अमेरिकेत असंच असतं. पिवळी बस येते, खेड्यापाड्यातली मुलं उचलते, मोठ्या शाळेत नेते. आपण कधी पुढे जाणार?"

अमेरिका म्हटल्यावर बोलणार कोण? साळवीसाहेब स्वतः कोल्हापूरच्या पलीकडे गेलेले नाहीत, पण आमच्यातलं तरी कोण गेलं होतं?

योगायोग असा की माझा धाकटा भाऊ अमेय पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावी पीएचडी करत होता आणि मे महिन्यात त्याचं पदवीदान होतं. बाबा छापखाना सोडून कुठे जात नाहीत, आईला विमानाची भीती. म्हणून मी निघाले. आमच्या सरपंचबाईंनी बजावलं, "जातीयेस तर पुरावा घेऊन ये. फोटू नको. फोटू साळवीसाहेबांकडे पण हायेत."

बाबांनी निरोप दिला तो गोष्टीच्या रूपात. आयुष्यभर त्यांनी पत्रकं छापली. आमच्या घरात पोळीच्या डब्यात अंथरायचा कागदसुद्धा निषेधाचा असे. ते म्हणाले, "एकोणिसाव्या शतकात एक अमेरिकन मास्तर जहाजात बसून युरोपच्या शाळा बघायला गेला. परत आल्यावर त्याने लिहिलं, की तिकडे छडीशिवाय शिकवतात. इकडचे छडीवाले मास्तर त्याच्यावर तुटून पडले. पण त्याने बघून लिहिलं होतं, त्यामुळे तो हटला नाही. तूही बघून ये." बाबांना साधं 'नीट जा' म्हणता येत नाही. त्यालाही मथळा लागतो.

एडिसन

न्यू जर्सीतल्या एडिसनला मी पहिल्यांदा उतरले ती वसुधाकाकूंकडे. काकू आईच्या मैत्रीण. डॉक्टर होऊन तरुणपणी इकडे आल्या आणि आता निवृत्त आहेत. त्यांनी मला ओक ट्री रोडवर, तिथल्या देशी बाजारात नेलं. मी आईच्या हातची गुळाची चिक्की डबा भरून, विमानभर मांडीवर सांभाळत आणली होती, आणि इथे दुकानाच्या दारातच चिक्कीची रास. शेजारी कोल्हापुरी चटणी, थालीपिठाची भाजणी. एका काकांनी तर दुकानदाराला मटकी जुनी आहे म्हणून असं झापलं की मला घरी आल्यासारखं वाटलं.

मी काकूंना विचारलं, "खरं सांगा, शाळा कुणाच्या चांगल्या? इथल्या की आपल्या?"

काकू हसल्या. "मी इथे सांगते पुण्यातल्या. पुण्याला गेले की सांगते इथल्या. दोन्हीकडे तपासायला कोणी येत नाही गं."

त्यांची नात इरा माझा डबा उघडून बघत होती. मी म्हटलं, "शाळेतल्या मुलांना वाटायला आणलीय. मी शाळा बघायला जाणार आहे ना."

"पीनट्स? इन स्कूल?" इराचे डोळे मोठे झाले. "नो वे, मावशी."

मला वाटलं, पोरीला गूळ आवडत नसेल. इथे वाढलेली मुलं नखरेल, असा एक शेरा मी मनातल्या मनात मारलासुद्धा. तो पुढे मला गिळावा लागला.

स्टेट कॉलेज

अमेय आणि त्याचा नागपूरचा रूममेट पंकज ज्या अपार्टमेंटमध्ये राहतात, तिथे तीन गोष्टी कायम असतात: प्रेशर कुकर, न धुतलेला दुसरा प्रेशर कुकर आणि कुकर कोणी धुवायचा यावरचा वाद. पदवीदान झालं. अमेयचा झगा आणि टोपी बघून आई व्हिडिओ कॉलवर रडली आणि बाबांनी विचारलं, "भाषणं काय झाली?"

शनिवारी आम्ही शेतकरी बाजारात गेलो. मधाच्या बाटल्या, अंडी, मेपलचा पाक. एका टेबलामागे पांढऱ्या केसांची, उंच, रुंद खांद्यांची बाई उभी होती आणि अंड्यांच्या शेजारी पत्रकांचा गठ्ठा होता. पत्रक दिसलं की माझा हात आपोआप पुढे जातो. मथळा ठळक: आमची शाळा वाचवा.

मी तिथेच उभी राहून ते वाचलं. त्यांच्या गावातली प्राथमिक शाळा मुलं कमी म्हणून बंद करून मुलांना दुसरीकडे नेणार होते. बसप्रवास लांबणार होता. खाली चौकटीत लिहिलं होतं: फिनलंडमध्ये असं होत नाही!

"तुम्ही फिनलंडला गेलात कधी?" मी विचारलं.

"नाही बाई. तू गेलीस?" ती म्हणाली.

तिचं नाव लिंडा. तिचा नातू त्याच शाळेत होता. मी तिला आमच्या शाळेबद्दल सांगितलं, आणि चौकटीतला टाइप बारीक आहे हेही सांगितलं. दुसरं तिला जास्त पटलं. तिने मुख्याध्यापिकांना फोन करून माझी शाळा बघायची सोय केली. मी तिला लिंडाकाकू म्हणायला लागले, तर अमेय कानात म्हणाला, "ताई, नुसतं लिंडा म्हण." आईपेक्षा मोठ्या बाईला नुसतं लिंडा! सगळ्या क्रांत्या जमतील, ही मला जमत नव्हती.

लिंडाचं गाव

गावाचं नाव देत नाही, कारण तिथला वाद अजून मिटायचा आहे. शाळा बघायच्या आदल्या दुपारी पंकज मला गाडीने घेऊन निघाला. दोन्ही बाजूंना हिरव्या टेकड्या, लाल कोठारं, मैलोन्‌मैल माणूस नाही. आणि अचानक समोरून पिवळी बस. माझा पुरावा! ती थांबली, तिच्यावरचे लाल दिवे लुकलुकायला लागले, बाजूने एक पाटी हातासारखी बाहेर आली. पंकजने करकचून ब्रेक मारला.

"अरे, बस तर समोरच्या बाजूला आहे. आपण का थांबायचं?"

"बाप्पा! ताई, इथे दोन्हीकडच्यांना थांबावं लागते. कोणी का असेना. नाही थांबलं तर दंडाचं तिकीट बसते, यार."

आमच्या मागे एक भला मोठा ट्रक थांबला. त्याच्या मागे पोलिसाची गाडी. बसमधून एक मुलगी उतरली, दप्तर तिच्यापेक्षा मोठं, आणि तिने रमतगमत रस्ता ओलांडला. मधेच थांबून बुटाची नाडीही बघितली. कोणी हॉर्न वाजवला नाही. ती दाराआड गेली आणि मग कुठे दुनिया हलली.

साळवीसाहेबांनी बस सांगितली होती. रस्ता थांबतो हे सांगितलं नव्हतं.

शाळेत मी ठरलेल्या दिवशी सकाळी गेले. आपल्याकडे पाहुणा शाळेत आला की गुलाबाचं फूल, टाळ्या आणि 'एक साथ नमस्ते'. इथे दार बंद. बेल दाबा, कॅमेऱ्यात तोंड दाखवा, पासपोर्ट द्या, छातीवर नावाचं स्टिकर लावा. हे सगळं मी आनंदाने केलं आणि ऑफिसातल्या बाईंसमोर डबा ठेवला. "मुलांसाठी. माझ्या आईने केलीय. शेंगदाणे आणि गूळ."

बाईंचा हात डब्यापर्यंत आला आणि तिथेच थांबला. डब्यात नाग असावा तसा. मग त्यांनी फार प्रेमाने डबा एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, ती दुसऱ्या पिशवीत घातली, कपाटात ठेवली आणि मला साबणाने हात धुवायला पाठवलं. हात पुसताना मला इराचं 'नो वे' आठवलं.

मुख्याध्यापिकांनी समजावलं. दुसरीत एक मुलगा आहे, त्याला शेंगदाण्याचा कण जरी लागला तरी श्वास कोंडतो. म्हणून शाळेत कोणीच शेंगदाणा आणत नाही.

"एका मुलासाठी?"

"हो," त्या म्हणाल्या. यात विचारण्यासारखं काय, असा त्यांचा चेहरा.

आम्ही पोह्यात शेंगदाणे घालतो, खिचडीत कूट, कोशिंबिरीत कूट, भाजीत काही कमी वाटलं की कूट. एका माणसासाठी कूट सोडायचं तर आमच्या वाडीत आधी तीन बैठका होतील आणि चौथीत गट पडतील. माझी चिक्की गजाआड गेल्याचा राग तिथेच विरघळला.

आत दुसरी आणि तिसरी एकाच वर्गात बसली होती, अगदी आमच्यासारखी. बाई एका बाजूला वजाबाकी आणि दुसऱ्या बाजूला गोष्ट चालवत होत्या, अगदी आमच्या गुरुजींसारख्या. त्याआधी सगळ्यांनी उभं राहून, छातीवर हात ठेवून झेंड्याला वंदन केलं होतं. अर्धी मुलं ओठ हलवत होती आणि एक जण जांभई देत होता. आमच्या प्रतिज्ञेला जांभई देणारा बंड्या मला आठवला. फरक एकच टोचला: सुंदर गालिच्यावर सगळे बूट घालून बसले होते. आमची मुलं शेणाने सारवलेल्या जमिनीवरसुद्धा चपला बाहेर काढून येतात. हे मी तिथे बोलले नाही. पाहुणीने किती बोलायचं याला सीमा असते. ती ओलांडणं मी संध्याकाळच्या सभेसाठी राखून ठेवलं.

मुलांनी प्रश्न विचारले. दात पडलेल्या एका मुलीने विचारलं, "तुमच्या शाळेत किती मुलं आहेत?"

"तुमच्या ह्या एका वर्गात मावतील एवढीच."

"मग नाटकात सगळ्यांनाच काम मिळत असेल!" तिच्या आवाजात चक्क हेवा होता.

सभा

शाळा बंद करायची की नाही हे ठरवणारं मंडळ गावकऱ्यांनी निवडून दिलेलं असतं आणि त्याची सभा सर्वांना खुली असते. कोणीही यावं, माइकसमोर तीन मिनिटं बोलावं. लिंडा म्हणाली चल, आणि मी अमेय-पंकजसह शाळेच्या जेवणाच्या हॉलमध्ये गेले.

अशी सभा मी जन्मात पाहिली नव्हती. लोक रांगेत उभे! एक बोलतो तेव्हा बाकीचे ऐकतात! वेळ संपली की घंटी वाजते आणि माणूस वाक्य अर्धं टाकून खाली बसतो! आमच्या ग्रामसभेत सगळे एकदम बोलतात आणि तरी प्रत्येकाला प्रत्येकाचं ऐकू जातं. मला आमची पद्धत जास्त जिवंत वाटते, पण मारुतीदादांच्या बायकोला तिथे कधी तीन मिनिटं मिळाली नाहीत, हेही खरं.

मंडळाच्या बाजूने एक जण म्हणाला, जपानमध्ये मोठ्या शाळा असतात. लिंडाच्या बाजूने फिनलंड आलं, मग डेन्मार्क. जगाचा नकाशा हळूहळू भरत होता. लिंडाचा नंबर आला तेव्हा तिने थोडं बोलून एकदम माझ्याकडे बोट दाखवलं. "ही माझी पाहुणी. भारतातून आलीय. तिथे लहानात लहान गावातसुद्धा शाळा असते. माझा उरलेला वेळ हिला द्या."

अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिलं. "त्या इथल्या रहिवासी आहेत का?"

"आजच्यापुरत्या आहेत," लिंडा म्हणाली. लोक हसले. अध्यक्षांनी मान हलवली.

"ताई, नको," अमेय कुजबुजला. "तू व्हिजिटर व्हिसावर आहेस."

"जाऊ दे ना यार, तिला," पंकज म्हणाला. "फुल्ल माहोल आहे."

मी माइकपाशी गेले. लिंडाला काय हवंय ते मला कळत होतं. 'भारतात आम्ही एकही शाळा बंद करत नाही' एवढं म्हणायचं होतं. वाक्य सोपं होतं, टाळ्या नक्की होत्या आणि खोटेपणा तपासायला धामणेवाडीला कोणी जाणार नव्हतं. साळवीसाहेबांनी आमच्याशी नेमकं हेच केलं होतं.

म्हणून मी म्हटलं, "आमच्या गावची शाळाही बंद होणार आहे. कारण आमचे साहेब म्हणतात, अमेरिकेत असंच करतात."

हॉलमध्ये एवढं हसू फुटलं की अध्यक्षांनाही तोंडावर हात घ्यावा लागला. लिंडा हसत नव्हती.

"मी इथे पुरावा शोधायला आले आणि तुम्ही माझ्याकडे पुरावा मागताय. मी जे बघितलं तेवढंच सांगते. एक मुलगी रस्ता ओलांडते म्हणून तुम्ही ट्रक थांबवता, पोलीस थांबवता. एका मुलाचा श्वास कोंडू नये म्हणून सगळी शाळा शेंगदाणा सोडते. आमच्या गावात शेंगदाणा सोडणं म्हणजे काय ते तुम्हाला कळायचं नाही. एका मुलासाठी एवढं करणाऱ्या लोकांना मुलं थोडी आहेत ही अडचण कशी वाटते, ते मला समजत नाही. तिसरीतली एक मुलगी मला म्हणाली, लहान शाळेत नाटकात सगळ्यांना काम मिळतं. तिला हे फिनलंडने सांगितलेलं नाही."

घंटी वाजली. माझ्या घराण्यात घंटीला थांबायची पद्धत नाही.

"शेवटचं. मंडळातले किती जण यंदा त्या शाळेच्या वर्गात बसलेत?"

"धन्यवाद, मॅडम," अध्यक्ष म्हणाले. पण प्रश्न टेबलावर पडला होता. टोकाला बसलेल्या एक बाई लाजून म्हणाल्या, "मी दर नोव्हेंबरला जाते. मत द्यायला."

या वेळी लिंडाही हसली.

त्या रात्री शाळा वाचली नाही. मतदान पुढच्या सभेवर गेलं, आणि त्याआधी प्रत्येक सदस्याने एक सकाळ त्या वर्गात बसायचं असं ठरलं. एवढंच. बाहेर लिंडाने मला मिठी मारली. "तू मला हवं ते बोलली नाहीस," ती म्हणाली. "पण फिनलंडपेक्षा बरी निघालीस." मी तिला धीर करून 'लिंडा' म्हटलं. ती गेल्यावर पुन्हा लिंडाकाकूच झाली.

परत

घरी आल्यावर मी नवं पत्रक लिहिलं. बाबांनी चष्मा लावून वाचलं, पालथं करून मागची बाजूही बघितली. "अमेरिका कुठाय यात?"

"काढली."

"एवढं भाडं भरून गेलीस आणि काढली?" ते म्हणाले. मग पुन्हा वाचत बसले. दुसऱ्यांदा वाचतात म्हणजे आवडलं.

पत्रकात आता फक्त ओढा आहे, सानिका आहे आणि मारुतीदादांचं 'बघू' आहे. तालुक्याला साळवीसाहेब भेटले. त्यांनी हसत विचारलं, "काय ताई, बघितली का पिवळी बस?"

"बघितली साहेब. ती थांबली की आमदाराची गाडीपण थांबते. तेवढं आधी करा, ओढ्यावर पूल बांधा, आणि मग बस आणा. आमची ना नाही." मग मी त्यांनाही वर्गात बसण्याचा तोच प्रश्न विचारला.

"म्हणजे काय? मी तुमच्या शाळेत आलोय की," ते म्हणाले.

"कधी?"

"निवडणुकीला. केंद्राध्यक्ष होतो."

माणूस मनाने वाईट नाही. शाळा उघडल्यावर पहिल्या सोमवारी वर्गात येऊन बसतो असं त्यांनी कबूल केलंय. शाळा बंद करण्यावरची सुनावणी त्याच आठवड्यात आहे. त्या अमेरिकन मुलीचं म्हणणं मी सानिकाला सांगितलं, तर ती म्हणाली, "खरंच आहे. मागच्या वर्षी मी राणी पण होते आणि झाडपण."

तर वाचकहो, एवढं करा. तालुक्यात राहत असाल तर त्या सोमवारी सकाळी धामणेवाडीला या. चपला दाराबाहेर काढा आणि मागच्या बाजूला भिंतीला टेकून दुपारच्या सुट्टीपर्यंत बसा. साळवीसाहेबांना शेजारी जागा द्या. लांब राहत असाल तर तुमच्या घराजवळच्या शाळेत जा, आणि जे दिसेल ते तुमच्या गावच्या सभेत उभं राहून सांगा. घंटी वाजली तरी वाक्य पुरं करा. येताना हार-तुरे आणू नका. चिक्की आणलीत तर चालेल, पण दारात आधी गुरुजींना विचारा, कुणाला सोसत नाही का. एखादं मूल तसं निघालं, तर डबा बाहेर ठेवून आत या.